बुसैतीनच्या कपाटातला बर्फाचा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. साधासुधा नव्हे, चांगला जाडजूड, बदकाच्या पिसांनी भरलेला, टोपीवाला, खास बर्फात घालायचा कोट. आणि राहतो कुठे म्हणाल, तर बहारीनमध्ये. हसू नका. जुलै महिन्यात थंड पाण्याचा नळ सोडला तरी जिथे हात पोळतो, तिथे बुसैतीनमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, कपाटाच्या अगदी मागच्या दांडीला माझं आयुष्य गेलं. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच.

माझा जन्म बांगलादेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. ज्या बाईने माझ्या बाह्या जोडल्या, तिने स्वतः कधी बर्फ पाहिला नव्हता. पण टाके असे घट्ट घातले, की एवढ्या वर्षांत एकही उसवला नाही. तिचं नाव मला ठाऊक नाही. तिचा हात मात्र मला अजून आठवतो. मग मला खोक्यात घातलं, खोकं कंटेनरमध्ये गेलं, आणि कंटेनर उतरला मीना सलमान बंदरात. तिथून मनामाच्या बाजारातल्या एका दुकानात मी लटकलो. येणारे-जाणारे मला हात लावायचे, हसायचे आणि शेजारच्या सुती शर्टांकडे वळायचे. माझ्यावर धूळ बसली. मला वाटलं, आपण इथेच म्हातारे होणार.

पण दोन हजार सहा सालच्या डिसेंबरात शिरीष टिपणीस दुकानात आला. तो पुण्याचा, एसीचा इंजिनिअर. म्हणजे घरातल्या खिडकीतले एसी नव्हेत. अख्खी हॉस्पिटलं, अख्खे मॉल गार ठेवणारी खोलीएवढाली यंत्रं तो सांभाळायचा. कंपनी त्याला जानेवारीत स्वीडनला ट्रेनिंगला पाठवणार होती. त्याने मला घातलं, आरशासमोर उभा राहिला आणि दुकानदाराला म्हणाला, "अच्छा लग रहा है ना?" दुकानदार काय नाही म्हणणार होता? मला तर त्या क्षणी तो जगातला सगळ्यात देखणा माणूस वाटला.

निघायच्या दोन दिवस आधी एका हॉस्पिटलचं यंत्र बंद पडलं आणि ट्रेनिंग रद्द झालं. शिरीषने मला कपाटात ठेवलं आणि बायकोला, लीनाला म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या वर्षी." ते पुढचं वर्ष काही येईना. का ते ऐका. उन्हाळ्यात यंत्रं बंद पडतात म्हणून त्याला सुट्टी नाही. थंडीत यंत्रं उघडून साफ करायची असतात म्हणूनही सुट्टी नाही. राहता राहिले एप्रिल आणि ऑक्टोबर. तेव्हा बर्फ कुठून आणायचा?

मी मात्र बर्फ पाहिला. एकदा नाही, चौदा वेळा. त्याचं असं आहे, की आखातात गरम कपडे कोणाकडेच नसतात. वर्षातून आठ दिवस लागणार, त्यासाठी विकत कोण घेतो? मग ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून मागून न्यायचे, अशी इथली रीत आहे. "टिपणिसांकडे कोट आहे," ही बातमी हां हां म्हणता बुसैतीनपासून जनाबियापर्यंत पोहोचली. मी मनालीला गेलो, तुर्कस्तानला गेलो, टोरांटोला एका बाळंतिणीच्या आईबरोबर गेलो. लीना बँकेत काम करते, नियमाला पक्की. तिची एकच अट असायची: कोट परत देताना आतल्या उजव्या खिशात एक चिठ्ठी ठेवायची. कोट कुठे गेला, काय झालं, दोन ओळी लिहायच्या. कुठल्याही भाषेत.

त्या चिठ्ठ्या म्हणजे माझी कमाई. जनाबियाच्या विशाखाने मला गरम पाण्याच्या मशीनमध्ये फिरवलं आणि माझ्या पिसांचे लाडू झाले. बिचारी रडकुंडीला आली होती. लीनाने ड्रायरमध्ये माझ्याबरोबर टेनिसचे दोन चेंडू टाकले, त्यांचा मार खाऊन खाऊन मी पुन्हा फुललो. विशाखाच्या चिठ्ठीत फक्त एवढंच आहे, "माफ कर, कोटा." लीनाच्या बँकेतली अदीबा इथलीच, मुहर्रकची. लंडनला शिकायला जाताना तिने मला नेलं ते दोन हिवाळे ठेवून घेतलं. तिची चिठ्ठी अरबीत होती. लीनाने तिलाच अर्थ विचारून खाली लिहून ठेवला: "या कोटात मी पहिल्यांदा एकटी चालले."

चौदा घरं माझी ऊब घेऊन गेली. माझा मालक मात्र एकदाही नाही. दर वेळी मी परत आलो की शिरीष माझी बाही चाचपून विचारायचा, "काय, मजा केली का?" आणि कपाट बंद करायचा. मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, रागही यायचा.

आता सावनीबद्दल सांगतो. सावनी ही शिरीष-लीनाची एकुलती एक मुलगी, वय वर्षं तेरा. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते, आणि लीना डोळे मोठे करते तेव्हा अर्धं अर्धं करून दोन्हीत बोलते. शाळा सुटली की आईबाबा यायच्या आधी दोन तास ती घरी एकटीच असते. तेव्हा ती काय करायची, ठाऊक आहे? एसी सोळावर ठेवायची, मला बाहेर काढून अंगात घालायची आणि पलंगावर बसून चिठ्ठ्या वाचायची. माझ्या बाह्या तिच्या हातांच्या वीतभर पुढे लोंबायच्या. विशाखाची चिठ्ठी वाचून दर वेळी हसायची. हे गुपित आमच्या दोघांचं होतं.

शिरीषला हे ठाऊक नव्हतं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी त्याने कपाट उघडलं, मला पुढे ओढलं आणि माझ्या आतल्या डाव्या खिशात एक घडी केलेला कागद सरकवला. बहारीनमध्ये ऑक्टोबरात कोणी कोट काढत नाही, असा त्याचा हिशेब. तो कागद कंपनीचा होता. दोन वर्कशॉपचं एक होणार होतं आणि जुन्या लोकांना मार्चअखेर निरोप मिळणार होता. नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की घर, शाळा, बुसैतीन, सगळंच आवरायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावनीने मला घातलं. खिसा करकरला. तिने कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला. मग होता त्याच घडीवर घडी घालून परत ठेवला आणि माझ्या टोपीत तोंड घालून खूप वेळ रडली. मित्रांनो, मी शून्याखाली पंचवीस अंशांची थंडी सोसली आहे. पण त्या दुपारी मला जे झालं, ते थंडीने कधी झालं नव्हतं.

तिला वाटलं, आज बाबा सांगेल. मग वाटलं, उद्या सांगेल. नोव्हेंबर गेला. बाबाने काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

डिसेंबरात एका रात्री जेवणं झाल्यावर लीनाचा आवाज मला कपाटात ऐकू आला. "तिला तू सांगायचंस, शिरीष. मी नाही. शाळेला जानेवारीअखेर कळवायचं आहे."

"सांगतो ना."

"कधी?"

मग तो म्हणाला, "सुट्टी शिल्लक आहे. आता यंत्रं साफ करायला मी लागत नाही कोणाला. तिला बर्फ दाखवायचं कबूल केलंय मी, तीनदा मोडलंय. तिथे जाऊ. बर्फात खूश असेल, तेव्हा सांगेन."

"परत यायच्या आत," लीना म्हणाली. "विमानात बसायच्या आत."

मंडळी ठरली ती अशी: आम्ही तिघे, म्हणजे मी धरून चौघे, आणि पहिल्या मजल्यावरचं वसईचं कुटुंब. मार्कस एका हॉटेलात स्वागतकक्ष सांभाळतो, त्याची बायको मॅगी हॉस्पिटलात नर्स आहे आणि मुलगा फ्लॉयड दहावीत आहे. चौदा वर्षांचा शेजार. नाताळचा केक वर यायचा आणि दिवाळीचा चिवडा खाली जायचा. मॅगीच्या शिफ्टा जुळवता जुळवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले, पण शेवटी जानेवारीचे पाच दिवस मिळाले. मार्कसने जॉर्जिया देशातल्या गुदौरीला, डोंगरात, स्कीच्या उतारालगतचं अख्खं लाकडी घर भाड्याने घेतलं. हॉटेल नको म्हणाला. "हॉटेलात मी रोजच असतो. एक स्वयंपाकघर, एक शेकोटी आणि आपण सात माणसं." माणसं सहाच होती. सातवा मी, असं मी आपलं धरून चाललो.

बहारीनच्या रहिवाशाला जॉर्जियात वेगळा व्हिसा लागत नाही, नुसतं रहिवासी कार्ड दाखवायचं. तिबिलिसीच्या विमानतळावर सावनीने आपलं कार्ड परत घेताना त्यावरच्या तारखेकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "बाबा, हे एक्स्पायर कधी होतं?"

मी शिरीषच्या हातावर होतो. त्याने मला या हातावरून त्या हातावर टाकलं. "होईल रिन्यू," तो म्हणाला. "इंशाल्ला."

टिपणिसांच्या घरात या शब्दाचा एक ठरलेला अर्थ होता. कुत्र्याचं पिल्लू आणू या का, इंशाल्ला. सायकल घेऊ या का, इंशाल्ला. बाबाला नाही म्हणायचं असलं की देवावर सोपवायचं. सावनीने कार्ड खिशात घातलं. तिने त्याला वाट करून दिली होती आणि तो बाजूने निघून गेला.

गुदौरीच्या घरापाशी गाडी थांबली तेव्हा दुपार होती. शिरीषने गाडीतच मला अंगात घातलं. एकोणीस वर्षांनी. तो दार उघडून उतरला, त्याचा बूट घोट्यापर्यंत बर्फात गेला आणि तो तसाच उभा राहिला. आयुष्यभर थंडी तयार करणारा माणूस आज पहिल्यांदा फुकटची थंडी बघत होता. मग त्याने माझी चेन वर ओढली. ती पोटापाशी अडली. श्वास आत घेऊन पाहिला, फ्लॉयडने खालून ओढून पाहिली, काही उपयोग नाही.

"साहेब," मार्कस म्हणाला, "कोट तोच आहे. माणूस वाढलाय."

सगळे हसले. लीनाने तिथल्या तिथे मला त्याच्या अंगातून काढलं आणि सावनीला घातलं. मी तिच्या गुडघ्यापर्यंत आलो. शिरीषचा चेहरा मात्र पडला, कारण ते पत्र अजून माझ्या डाव्या खिशात होतं. बर्फात उभं राहून काढून दाखवायचं, असं त्याने ठरवलं होतं. आता सगळ्यांसमोर काढणार कसं? पुढचे दोन दिवस तो माझ्या डाव्या बाजूकडे असा बघत होता, की मलाच लाज वाटायला लागली.

घराच्या मालकीणबाई खाली गावात राहायच्या. किल्ली देताना त्यांनी स्वयंपाकघरातला गॅसचा बॉयलर दाखवला. हाच घर गरम ठेवतो, हाच पाणी तापवतो. बोट हलवून त्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "नेव्हर ऑफ. नेव्हर." शिरीषने मान डोलावली. एसीच्या माणसाला हे काय शिकवता, असा त्याचा आविर्भाव होता.

पहिले दोन दिवस फार मजेचे गेले. फ्लॉयड स्कीवर चार पावलं जायचा आणि बसायचा. सावनी पडायची, उठायची, माझ्या बाह्यांतला बर्फ झटकायची. मॅगी सगळ्यांचे गुडघे तपासायची. संध्याकाळी शेकोटीपाशी लीना खिचडी वाढायची. एकदा दोघंच बाहेर असताना सावनीने शिरीषला विचारलं, "बाबा, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ या? सेम हाऊस?"

आता सांगेल, मला वाटलं.

"बघू या," तो म्हणाला. "इंशाल्ला."

ती वळून घरात गेली. माझ्या आत तिचं काळीज धडधडत होतं ते मला कळत होतं. त्या मूर्ख माणसाला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे दिवसभरासाठी वरच्या उतारावर निघाले. आम्ही दारात उभे होतो. शिरीष सगळ्यात शेवटी निघाला. आता बहारीनमधल्या आपल्या घरातून बाहेर पडताना माणूस काय करतो? एसी बंद, गीझर बंद, सिलेंडर बंद. तीन बोटं मोजायची आणि कुलूप लावायचं. एकोणीस वर्षांची सवय. आतून एक 'टक' असा आवाज आला. कोणाचंच लक्ष गेलं नाही. त्याचं स्वतःचंही नाही. बाहेर उणे सतरा होतं.

पाच वाजता परतलो तेव्हा दार उघडताच सगळे थबकले. घरात तोंडातून वाफ निघत होती. मॅगी चहा ठेवायला गेली, नळ सोडला. नळ खरखरला आणि गप्प झाला.

"पाणी मफी," मार्कस म्हणाला. मफी म्हणजे नाही, आखातातला रोजचा अरबी शब्द.

शिरीष बॉयलरपाशी गेला. बटणाकडे नुसता बघत राहिला. त्याला खोटं बोलता आलं असतं, गॅस गेला म्हणता आलं असतं. तो वळून म्हणाला, "मी बंद केला. निघताना. हात आपोआप गेला माझा." मग खुर्चीवर बसला आणि हळूच म्हणाला, "एवढंही जमेना मला आता. बरोबर केलं त्यांनी."

कोणी त्यांनी, हे मार्कसने विचारलं नाही. लीनाने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मालकीणबाईंना फोन लावला तर खालचा रस्ता बर्फाने बंद. त्या उद्या सकाळी येणार. तोवर नळ फुटला तर घरभर पाणी होणार होतं, आणि रात्री थंडी आणखी वाढणार होती.

तेव्हा सावनी बोलली. "बाबा, तू फिक्स करू शकतोस ना? इट्स जस्ट पाइप्स."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग उठला. आणि उठल्यावर, मित्रांनो, तो मीना सलमानच्या वर्कशॉपमधला शिरीष झाला. मी त्याला कामावर कधी पाहिलं नव्हतं. मार्कस आणि फ्लॉयडला त्याने शेकोटी पेटवायला लावली. बॉयलर कोणी लावायचा नाही, पाइप मोकळा झाल्याशिवाय अजिबात नाही, असं बजावलं. मार्कस उकळतं पाणी ओतू का विचारत होता, त्याला म्हणाला, "अजिबात नको, तडकेल. हळू हळू तापवायचं." त्याने घरभर पाइपला हात लावत लावत नेमकी जागा शोधली. सिंकखाली, बाहेरच्या भिंतीला लागून हातभर तुकडा गोठला होता. मग मॅगीकडून केस वाळवायचं यंत्र मागून घेतलं आणि सिंकखाली आडवा झाला.

"गरम हवा उडून जातेय," थोड्या वेळाने तो म्हणाला. "गुंडाळायला काहीतरी पाहिजे. आम्ही थंड पाइप गुंडाळतो थंडी बाहेर जाऊ नये म्हणून, इथे ऊब जाऊ नये म्हणून. काम तेच."

सावनीने मला अंगातून काढलं.

"अगं, गारठशील," तो म्हणाला.

"ब्लँकेट आहे." ती घोंगडं गुंडाळून त्याच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली. मग मला पाइपभोवती धरण्याआधी तिने माझा उजवा खिसा रिकामा केला, चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. नंतर डाव्या खिशात हात घातला, घडी केलेला कागद काढला आणि त्याच्या छातीवर ठेवला. "हे भिजेल," ती म्हणाली. "ऑफिसचं लेटर आहे ना."

शिरीषच्या हातातलं यंत्र तसंच घोंघावत राहिलं. त्याने ते माझ्या बाहीत खुपसलं होतं. गरम हवा माझ्या बाहीतून माझ्या पोटात, पोटातून त्या गोठलेल्या पाइपवर जात होती. मी दोघांच्या मधे होतो.

"तुला माहितेय?" त्याने विचारलं.

"ऑक्टोबरपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"ते तुझं होतं, बाबा. तू सांगायचं होतंस." तिने घोंगडं खांद्यावर ओढलं. "मी वाट बघत होते. एअरपोर्टवर पण. परवा पण. तू नुसतं इंशाल्ला, इंशाल्ला."

शिरीषने डोळे मिटले. मला वाटलं, आता पुन्हा गप्प बसेल. पण तो बोलायला लागला. वर सिंकच्या बुडाकडे बघत, एका हाताने माझी बाही धरून सगळं सांगितलं. मार्चअखेर नोकरी संपते. पुण्याला जायचं आहे. तिथे एका कोल्ड स्टोरेजवाल्याने भेटायला बोलावलं आहे, जमेल की नाही ठाऊक नाही. शाळा बदलेल, मैत्रिणी सुटतील. आणि मग म्हणाला, "तुझ्या मैत्रिणी सुटणार याचं वाईट वाटलंच गं. पण खरं सांगू? मला लाज वाटत होती. आपला बाबा कुणाला नको झाला, हे तुला कळू नये असं वाटत होतं."

सावनी पाइपवर माझी दुसरी बाही घट्ट धरून होती. "मला हवा आहेस," ती म्हणाली. "पण मला रागही आलाय. खूप."

"येऊ दे," तो म्हणाला. "राग येऊ दे. आता लपवत नाही काही."

मग ती रडली, आणि तोही रडला, आणि यंत्र घोंघावत राहिलं. स्वयंपाकघराच्या दारात लीना उभी होती. ती आत आली नाही. पदर नव्हताच, तिने मफलरनेच डोळे पुसले.

दीड तास लागला. माझं एका बाहीतलं अस्तर करपलं, जळका वास सुटला, पिसं ओली झाली. पण मी हललो नाही. आणि मग वर सिंकमधला उघडा नळ खोकला. एकदा खोकला, दोनदा थुंकला, आणि खळखळ पाणी आलं. फ्लॉयड टाळ्या वाजवायला लागला. शिरीषने कान लावून सगळे सांधे तपासले, कुठे गळत नव्हतं. मग बॉयलर पेटवला आणि हात झटकून उभा राहिला.

"यल्ला, चला, चहा," मार्कस म्हणाला, आणि मॅगीने आधण ठेवलं.

त्या चहाच्या वेळी शिरीषने त्या तिघांनाही सांगितलं. मॅगी उठली आणि लीनाला मिठी मारून बसली. मार्कसने सगळ्यांच्या कपांत पुन्हा चहा ओतला. शेवटी म्हणाला, "म्हणजे दिवाळीचा चिवडा आता पुण्याहून मागवायचा का?" आणि तो उठून शेकोटीत लाकूड सरकवायला गेला.

मित्रांनो, इथून पुढे माझी पाळी होती. बुसैतीनला परतल्यावर सामानाची बांधाबांध सुरू झाली. काय न्यायचं, काय द्यायचं, काय टाकायचं, असे तीन ढीग. मी करपलेला, वास येणारा, फुगलेला. पुण्यात माझं काय काम? टाकायच्या ढिगाकडे बघत मी रोज एक एक दिवस मोजत होतो. मार्चच्या मध्यावर लीनाने मला बाहेर काढलं, झटकलं, करपलेल्या बाहीला आतून निळं ठिगळ लावलं. मग सवयीने उजव्या खिशात हात घातला. चिठ्ठ्या पंधरा निघाल्या.

पंधरावी सावनीची होती. लीनाने ती मोठ्याने वाचली, म्हणून मला कळली.

"कोट कुठे गेला: गुदौरी. काय झालं: बाबाने बॉयलर बंद केला, मग पाइप दुरुस्त केला, मग सगळं सांगितलं. पुढे कोण नेणार: फ्लॉयड, पहिला मजला. परत कधी: पुढचा जानेवारी. परत कुठे: तेच घर. परत कोणाला: मला. अट: बॉयलरजवळ बाबाला एकटं सोडायचं नाही."

लीना हसली आणि तशीच मला हातावर टाकून दोन जिने उतरली. मॅगीने दार उघडलं. त्या दोघी दारात उभ्या राहून काय बोलल्या ते मी सांगणार नाही, ते त्यांचं आहे.

आता मी पहिल्या मजल्यावर असतो, मॅगीच्या पांढऱ्या गणवेशांशेजारी. शिरीषला कोल्ड स्टोरेजचं काम मिळालं. सावनीला अजून अधूनमधून रडू येतं, असं फोनवर कळतं, पण शाळेत दोन मैत्रिणी झाल्या आहेत. मार्कसने गुदौरीच्या मालकीणबाईंना जानेवारीसाठी लिहिलं, तर त्यांचं उत्तर आलं: या, जरूर या, बॉयलरच्या बटणावर मी झाकण बसवून घेतलं आहे.

मित्रांनो, जाता जाता एक मागणं. तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणीतरी मागच्या दांडीला लटकत असेल. त्याला बाहेर काढा. वापरा, नाहीतर ज्याला लागतं त्याला द्या, आणि परत आलं की जरा चाचपून बघा. वस्तू वापरून जुन्या होतात, त्याचं दुःख नसतं. आणि घरातल्या मोठ्या माणसांनाही एक निरोप द्या. जे सांगायचं आहे ते वेळेवर सांगा. मुलं कपाटं उघडतात, आणि कोटाला तोंड नसतं, नाहीतर मीच सांगितलं असतं.

माझ्या उजव्या खिशात पंधरा चिठ्ठ्या आहेत, आणि जानेवारीत सोळावी येईल. डावा खिसा सावनीने जाताना आतून शिवून टाकला आहे.